कडीपाटावर नवा प्लाय मारलाय, त्यावर लादी कशी बसवायची?

प्रश्न असा आहे: 'गिरगावातली आमची जुनी चाळ, दुसरा मजला, खोली १० बाय १२. मोरीच्या बाजूने कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्या) कुजला होता, म्हणून खोलीभरच्या फळ्या काढल्या, दोन कड्या बदलल्या आणि सुताराने वर नवा १८ मिमी प्लाय ठोकला. लादीवाला म्हणतो, दोन इंच सिमेंट-रेतीचा माल टाकून २ बाय २ फुटांच्या व्हिट्रिफाइड लाद्या लावून देतो, चार दिवसांचं काम आहे. दीर म्हणतात, साध्या सिरॅमिक लावा. कोणाचं ऐकू? गणपतीच्या आत खोली राहती करायची आहे.'

ताई, दीरांचं ऐका. पण त्याआधी त्या लादीवाल्या मिस्त्रीला थांबवा. रेतीच्या गोण्या जिन्यावरून वर आल्या असतील तरी थांबवा.

मिस्त्री फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याने जन्मभर आरसीसी स्लॅबवर काम केलेलं असणार. स्लॅबवर दोन इंच माल, वर सिमेंटचा रग्गा (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट), त्यावर लादी ठोकली की झालं, कारण स्लॅब जागची हलत नाही. तुमची जमीन हलते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, मार्च-एप्रिलात आक्रसतं आणि माणूस चालला की वाकतं. पायाला ते जाणवत नाही, लादीला जाणवतं. सिरॅमिक लादी वरून दाब कितीही घेईल, पण वाकायचं म्हटलं की ती बिस्किटासारखी तुटते. तुमच्या कामातला ऐंशी टक्के विचार लादी लावण्यापूर्वीच्या थरांचा आहे, म्हणून माझं उत्तरही बरंचसं त्याबद्दलच असेल.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा लालबागच्या एका चाळीत अशाच प्लायवर मी स्वतः माल टाकून लाद्या लावल्या होत्या. काम दिसायला झकास झालं होतं. पहिला पावसाळा गेला आणि दिवाळीच्या सुमारास त्या घरातल्या आजींनी निरोप धाडला. जाऊन बघतो तर खोलीभर सरळ रेषेत चिरा. एक चीर चार फुटांवर, तिला काटकोनात दुसरी. खालच्या प्लायच्या तावांचा नकाशाच लाद्यांवर उमटला होता. मी आधी लादीला दोष दिला, मग दुकानदाराला. शेवटी स्वखर्चाने सगळं उखडलं तेव्हा कळलं, की माल प्लायला कुठेच धरलेला नव्हता. ओल्या मालातलं पाणी प्लायने पिऊन घेतलं, प्लाय फुगला, मालाला पाणी कमी पडलं म्हणून तो भुसभुशीत राहिला आणि वाळताना दोघांनी फारकत घेतली.

आता वजनाचा हिशोब. तुमची खोली १२० चौरस फूट, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. सिमेंट-रेतीचा माल घनमीटरला दोन हजार किलोच्या आसपास भरतो. दोन इंच जाडीने तुमच्या खोलीत अकराशे किलो माल बसेल. वर व्हिट्रिफाइड लादीचे अडीचशे किलो धरा. म्हणजे साडेतेराशे किलो, आणि तेही कायमचं, रात्रंदिवस कड्यांवर बसलेलं. मी खाली सांगतोय त्या पद्धतीत दुसरा प्लाय, सिमेंट बोर्ड, अडेसिव्ह (लादी चिकटवायचा तयार मसाला) आणि लादी मिळून पाचशे किलोच्या आसपास भागतं. राहत्या घरात माणसं आणि सामान मिळून इंजिनियर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. नुसता माल चौरस मीटरला १०० किलो होतो. म्हणजे घरात माणूस शिरण्याआधीच तेवढ्यातला अर्धा भार तुम्ही जमिनीवर नेऊन ठेवलात.

यावर मिस्त्री एक मुद्दा हमखास काढेल: 'पूर्वी फळ्यांवर चार-चार इंच चुन्याचा कोबा आणि वर शहाबादी होती, तेव्हा नाही पडली ती चाळ?' मुद्दा वाजवी आहे. पण तेव्हा त्या कड्या नव्या होत्या, त्यांची भिंतीत शिरलेली टोकं कोरडी होती आणि चुना हा मऊ गडी आहे, तो थोडं हलणं पोटात घेतो. सिमेंट घेत नाही. शिवाय तुमच्याकडे दोन कड्या बदलाव्या लागल्या, याचा अर्थ बाकीच्यांनीही पाणी चाखलेलं आहे.

म्हणून पहिलं काम लादीवाल्याचं नाहीच, सुताराचं आहे. प्लायचे ताव एकदा उचलावे लागतील, त्याला इलाज नाही. ठोकलेत म्हणता म्हणजे खिळे मारलेत. खिळे वर्षभरात ढिले होतात आणि मग जमीन करकरायला लागते. ते नाहीतरी काढायचेच होते. ताव उचलल्यावर प्रत्येक कडीचं भिंतीतलं टोक जाड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. बर्मा टीकचं जुनं लाकूड वरून काळं पडलेलं असलं तरी आतून दगडासारखं असतं. टोक घुसत नाही. घुसलं, भुसा आला किंवा वाळवीची माती दिसली, तर त्या कडीच्या बाजूला नवी कडी जोडून बोल्टने आवळायची. नवी कडीसुद्धा भिंतीत किंवा तुळईवर नीट टेकली पाहिजे, नुसती जुनीला लटकवलेली नको. जोडायचं लाकूड वखारीतून आलेलं ओलं नको. ओलं लाकूड सहा महिन्यांनी आक्रसतं, प्लाय आणि कडीमध्ये फट पडते आणि लादीखाली जमीन डुगडुगते.

यात घरमालक आणि दुरुस्ती मंडळ दोघंही येतात, हे लक्षात असू द्या. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या जुन्या इमारतींचं दुरुस्तीचं काम म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असतं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत असेल तर ती 'अ' वर्गात मोडते, आणि गिरगावातल्या बऱ्याच चाळी तशाच आहेत. कडी बदलणं हे लादी बदलण्याइतकं किरकोळ काम धरलं जात नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरला एकदा खोलीत उभा करा. फी जाईल ती जाऊ द्या, तुमच्या जमिनीखाली दुसऱ्या कुणाचं तरी छत आहे.

जमीन किती वाकलेली चालते, याला एक ठरलेलं माप आहे. सिरॅमिक लादीसाठी कडीच्या दोन टेकूंमधल्या अंतराचा ३६० वा भाग, त्यापेक्षा जास्त वाक नको. संगमरवरासारख्या दगडाला त्याच्याही निम्मा. तुमच्या कड्या १० फुटांच्या बाजूने टाकल्या असतील, तसंच असतं बहुतेक, तर १२० इंच भागिले ३६० म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, आमच्या भाषेत पावणेतीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा). हा वाक पूर्ण भार आल्यावरचा. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर खोलीच्या मधोमध स्टुलावर काठोकाठ भरलेला पेला ठेवा आणि तीन फुटांवर एका मोठ्या माणसाला टाचा उचलून आपटायला सांगा. पाणी थरथरलं तर ठीक. सांडलं तर लादीचं नावही काढू नका.

ताठपणा वाढवायचा तर जाडीपेक्षा उंची महत्त्वाची. चार इंच उंचीची कडी पाच इंचांची झाली तर ती जवळजवळ दुप्पट ताठ होते, कारण हिशोब उंचीच्या घनाने चालतो. पण चाळीत उंची वाढवायला जागा कुठे? खाली शेजाऱ्यांचं डोकं, वर आपला उंबरा. मग दोन उपाय उरतात: कड्यांना बाजूने जोड देणं, आणि दोन कड्यांच्या मध्ये तेवढ्याच उंचीचे आडवे ठोकळे घट्ट बसवणं. ठोकळ्यांमुळे एका कडीवरचा भार शेजारच्या कड्यांत वाटला जातो. ओळीने एकदा खोलीच्या मधोमध बसवले तरी चालताना फरक पायाला कळतो. दोन कड्यांमधलं अंतर मध्य ते मध्य १६ इंचांपेक्षा जास्त असेल तर मध्ये एक कडी वाढवा. तिथे काटकसर करू नका.

आता प्लाय. ताव उचलले आहेतच तर त्यांच्या कडेला छापलेला शिक्का वाचा. आयएस (भारतीय मानक) ७१० असेल तर तो मरीन प्लाय, उत्तम. आयएस ३०३ आणि एमआर लिहिलं असेल तर तो घरातल्या कपाटांचा प्लाय. मुंबईच्या जुलैत आणि मोरीच्या शेजारी तो मी ठेवणार नाही. ब्लॉकबोर्ड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड या तिघांचं नाव नको. शटरिंगचा गुळगुळीत फिल्म मारलेला प्लायही नको, त्याला काही चिकटत नाही. नवे ताव आणले तर दोन-तीन दिवस खोलीत उभे करून ठेवा, खोलीच्या हवेची त्यांना सवय होऊ द्या.

बसवताना तावाची लांब बाजू कड्यांना आडवी गेली पाहिजे. वरच्या पडद्याची (लाकडाच्या पातळ थराची) रेघ तशीच असते आणि त्या दिशेने प्लाय जास्त ताठ असतो. तावाची आखूड कड कडीच्या बरोबर मध्यावर टेकली पाहिजे, लांब कडेखाली आडवे ठोकळे. ओळीओळींचे सांधे विटांच्या बांधकामासारखे सरकते ठेवा. दोन तावांत एक सूत फट आणि भिंतीपाशी चारही बाजूंनी दोन सूत. सुताराला ही फट आवडणार नाही, तो हौसेने ताव घट्ट चापून बसवेल. पावसाळ्यात प्लायला फुगायला जागा नसली की तो सांध्यावर टोपी काढल्यासारखा वर उठतो आणि त्याच्यावरची लादी सगळ्यात आधी सुटते. स्क्रू कडेला सहा-सहा इंचांवर, मध्ये दहा-दहा इंचांवर. जिप्समच्या छताला वापरतात ते काळे स्क्रू नकोत. समुद्राच्या हवेत ते गंजतात आणि डोकी तुटतात. स्टेनलेस स्टील घ्या. अकरा चौरस मीटरच्या खोलीला महाग पडून किती पडणार!

या १८ मिमीवर १२ मिमीचा दुसरा थर हवा, तोही मरीनच. दोन्ही मिळून ३० मिमी होतात, आणि १६ इंचांच्या अंतरावर तेवढी जाडी मला लागते. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, आणि वरच्या थराचे स्क्रू फक्त खालच्या प्लायमध्ये जाऊ द्या, कडीत नको. कडी हलली तर ती हालचाल थेट वर पोहोचायला नको, एवढाच त्यातला हेतू.

त्यावर सिमेंट फायबर बोर्ड, ६ ते ८ मिमीचा. हा कशाला, असं लोक विचारतात. लाकडाचं आणि लादीचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून मध्ये असा कोणीतरी हवा, जो पाण्याने फारसा फुगत नाही आणि ज्याला सिमेंटी अडेसिव्ह धरतं. हा बोर्ड ताठपणा फारसा देत नाही; तो देतो असं समजून दुसरा प्लाय वगळू नका. आपल्याकडे हे बोर्ड मुख्यतः पार्टिशन आणि फॉल्स सीलिंगसाठी विकले जातात, म्हणून दुकानात 'फ्लोअरिंगसाठी चालेल ना?' एवढंच विचारून थांबू नका. कंपनीच्या पत्रकात जमिनीवर लादीखाली वापरण्याची परवानगी छापलेली आहे का, ते बघा. लाकडाचा भुसा आणि सिमेंट मिसळून केलेले बोर्डही तशाच करड्या रंगाचे दिसतात; ते ओलाव्याने जास्त हलतात, ते इथे नकोत.

बोर्ड नुसता स्क्रूने आवळायचा नाही. खाली दात्यांच्या थापीने अडेसिव्हचा पातळ थर ओढायचा, त्यावर बोर्ड ठेवायचा आणि ओला असतानाच आठ-आठ इंचांवर स्क्रू मारायचे. हा थर चिकटवण्यापेक्षा पोकळी भरण्यासाठी असतो. प्लायवर ठिकठिकाणी कागदाच्या जाडीचे खड्डे असतात आणि बोर्ड त्यावर डोलतो. बोर्डांत एक सूत फट ठेवून ती अडेसिव्हने भरा आणि वर काचेच्या धाग्याची जाळीची पट्टी चिकटवून घोटा. ही पट्टी सिमेंट सहन करणारी हवी, जिप्समची कागदी पट्टी नाही. बाजारात अनकपलिंग मेंब्रेन नावाची प्लॅस्टिकची गाद्यांसारखी खळगी असलेली चटईही मिळते, बोर्डाच्या जागी ती चालते आणि खरं तर जास्त चांगली चालते. पण ती लावणारा हात सापडणं मुंबईत अजून नशिबाचा भाग आहे. चुकीची लावलेली चटई बोर्डापेक्षा वाईट, म्हणून तुम्हाला मी बोर्डच सांगेन.

(एक गोष्ट मध्येच. तुमच्या चाळीत दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीत लोखंडी गर्डर टाकून त्यावर दगडी लाद्या आणि कोबा केलेला असेल, तर हे सगळं त्यांना लागू नाही. तिथे कोब्यावर सात दिवस पाणी मारायचं, मग तीन-चार आठवडे तो वाळू द्यायचा आणि त्यावर अडेसिव्हने लादी. तो वाळला का, हे बघायला रात्री दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी पट्टीने चिकटवून ठेवावं. सकाळी आतून घाम आला किंवा कोबा काळपट दिसला तर अजून थांबावं.)

मोरी. ताई, तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं मोरीच आहे, आणि तुम्ही ते एका शब्दात उरकलंत. फळ्या कुजल्या त्या मोरीच्या बाजूने. मोरीचा बंदोबस्त न करता बाकी खोली चकचकीत केली तर सात-आठ वर्षांनी हेच पुन्हा होणार. लादी पाणी अडवते हा गैरसमज आहे. लादीच्या सांध्यांतून, त्यांत भरलेल्या ग्राउटमधून पाणी हळूहळू खाली जातंच. पाणी अडवायचं ते लादीच्या खाली.

मोरीपुरत्या बोर्डाला खालून उताराच्या लाकडी पट्ट्या द्या. तीन फुटांच्या मोरीला ८० ला १ असा उतार धरला तर भिंतीपासून ट्रॅपपर्यंत (पाणी खाली जायच्या तोंडापर्यंत) साडेतीन सूत पडतात, तेवढे पुरतात. उतार बोर्डालाच असला पाहिजे. बोर्ड सपाट ठेवून लादीखालच्या मालाने उतार दिला तर खाली झिरपलेलं पाणी तिथेच बसून राहतं. नहाणी ट्रॅप कॉलरवाला घ्या, कॉलर बोर्डात खोबणी करून बसवा. मग दोन घटकांचं लवचीक वॉटरप्रूफिंग, दोन हात, एकमेकांना आडवे. भिंतीच्या आणि जमिनीच्या कोनात व ट्रॅपभोवती पहिल्या हातात कापडी जाळी दाबायची. भिंतीवर एक फूट वर चढवायचं, आणि मोरीच्या कठड्यावरून बाहेरच्या अंगालाही चार-सहा इंच उतरवायचं. ती बाहेरची बाजू नव्वद टक्के लोक विसरतात, तुमच्या फळ्या बहुधा तिथूनच कुजल्या.

ते वाळलं की ट्रॅपमध्ये बोळा घालून इंचभर पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. पाण्याच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारा. आणि खालच्या मजल्यावर जाऊन सांगून या, की दोन दिवस छताकडे लक्ष ठेवा. आधी सांगितलं तर ते मदत करतात. छतातून टपकल्यावर सांगितलं तर भांडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

लादी कोणती? खोलीला १२ बाय १२ इंचांची, सात-आठ मिमी जाडीची, मॅट फिनिशची सिरॅमिक फ्लोअर टाइल. 'फ्लोअर' हा शब्द खोक्यावर वाचा. भिंतीच्या सिरॅमिक लाद्या दिसायला तशाच असतात, पण त्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पितात आणि जमिनीवर पायाखाली तुटतात. फ्लोअरच्या सिरॅमिक लाद्या साधारण तीन ते सहा टक्के पितात. मिस्त्री सांगतो त्या व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्याला तो गुण वाटतो, आणि आहेही, पण म्हणूनच रग्गा तिच्या पाठीत शिरत नाही आणि ती पोकळ वाजायला लागते. शिवाय २ बाय २ च्या लादीला जमीन आरशासारखी सपाट लागते: दहा फुटांत एक सूत. १२ बाय १२ ला दहा फुटांत दोन सूत चालतात. जुन्या चाळीत एक सूत मिळवता मिळवता तुमचं दिवाळं निघेल.

लाद्या गुजरातेतल्या मोरबीच्याच असणार बहुतेक, कुठल्याही दुकानातून घ्या. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेड नंबर एक आहे का, ते दुकानातच बघा. १२० लाद्या लागतील, १३२ घ्या. मोरीसाठी लहान, ४ किंवा ६ इंचांची खरबरीत लादी घ्या. उताराला लहान लादी वळते.

लावायच्या आधी लाद्या कोरड्या मांडून बघा. चाळीतली खोली काटकोनात असेल असं समजू नका, मी अजून एकही पाहिलेली नाही. खोलीच्या मध्यावर दोन दोऱ्या मारा आणि काटकोन मोठ्या गुण्याच्या (काटकोन मापायच्या) हिशोबाने जुळवा: एका दोरीवर ६ फूट, दुसरीवर ८ फूट, त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १० फूट आलं पाहिजे. दारातून आत येताना पहिली लादी अख्खी दिसावी. कापलेले तुकडे पलंगाखाली आणि कपाटामागे जाऊ द्या. भिंत तिरकी असेल तर तिरकेपणा दिवाणाच्या बाजूला लपवायचा, मोरीच्या बाजूला नाही. तिथे लादी रेषेत नसली की रोज भांडी घासताना दिसेल.

अडेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ आणि टाइप लिहिलेला असतो. सगळ्यात स्वस्त टाइप १ सिमेंटच्या जमिनीवर सिरॅमिक लावण्यापुरता आहे. तुमच्याकडे खाली बोर्ड असला तरी त्याच्याही खाली लाकूड आहे, म्हणून पॉलिमरवालं, वाकण्याला एस-१ दर्जा असलेलं घ्या. पिशवीवर कुठल्या कुठल्या पृष्ठभागांवर चालेल त्याची यादी असते, तीत फायबर सिमेंट बोर्ड हवाच.

आणि इथे मिस्त्रीशी तुमचं दुसरं भांडण होईल. तो रात्री लाद्या पाण्यात भिजत घालेल. रग्ग्याच्या कामात ते बरोबर होतं, कोरडी सिरॅमिक रग्ग्यातलं पाणी ओढून घेते. अडेसिव्हला ओली लादी चालत नाही. पाठीवरच्या पाण्याच्या थरावर ते घसरतं आणि धरत नाही. लादीची पाठ फक्त ओल्या फडक्याने पुसून घ्या, तीवर कारखान्याची पांढरी भुकटी असते. तिसरं भांडण गोळ्यांचं. लादीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे अडेसिव्हचे पाच गोळे ठेवून वरून ठोकायची सवय लादीवाल्यांना आहे. गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते आणि एखाद्या दिवशी वरवंटा पडला की नेमकी तिथे लादी फुटते.

पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मापून. आधी बादलीत पाणी, मग पावडर, ड्रिलला पंखा लावून घोटा, पाच-दहा मिनिटं विसावू द्या, पुन्हा घोटा. नंतर घट्ट झालं तर पाणी ओतून सैल करू नका, टाकून द्या. एका वेळी चार-पाच लाद्यांपुरतंच पसरा. आठ-दहा मिमीच्या दात्यांची थापी, रेघा सगळ्या एकाच दिशेने. गोल गोल फिरवलेल्या रेघांत हवा अडकते. लादी ठेवून रेघांना आडवी दोनदा पुढे-मागे सरकवा, म्हणजे रेघा मोडून सपाट होतात. पहिल्या ओळीतली एक लादी लगेच उपटून पाठ बघा: खोलीत किमान ८० टक्के भरलेली हवी, मोरीत ९५. पंधरा-वीस मिनिटांत पसरलेल्या थरावर साय धरते. बोटाला चिकटत नसेल तर खरवडून काढा, वर लादी ठेवू नका. पंख्याखाली ती साय आणखी लवकर येते, म्हणून काम चालू असताना पंखा बंद. मिस्त्री कुरकुर करेल, त्याला चहा जास्त द्या.

सांधा तीन मिमीचा, स्पेसर घालून. 'पेपर जॉइंट'चा, म्हणजे लाद्या एकमेकींना खेटून लावायचा, आग्रह धरू नका, तुमच्या जमिनीवर तो टिकणार नाही. भिंतीपाशी चारही बाजूंनी दोन सूत जागा मोकळी, तीत माल, ग्राउट, तुकडे काहीही पडू द्यायचं नाही. वर स्कर्टिंग येईल, ती झाकली जाईल. स्कर्टिंगची लादी भिंतीला चिकटवायची, जमिनीच्या लादीवर टेकवायची नाही. खालची बारीक फट सिलिकॉनने भरा. उंबऱ्यापाशी, जिथे गॅलरीचा दगड आणि तुमची लादी भेटतात, तिथेही ग्राउट न भरता सिलिकॉन. मोरीच्या कठड्याच्या पायाशीही तेच.

ग्राउट दुसऱ्या दिवशी, चोवीस तासांनी. पॉलिमरवालं घ्या, आणि पांढरं घेऊ नका, पश्चात्ताप होतो.

गणपतीचं विचारलंत. ताव उचलणं, कड्या तपासणं आणि ठोकळे यांना तीन दिवस धरा, इंजिनियरने काही सांगितलं तर जास्त. दोन्ही प्लाय दोन दिवस. बोर्ड एक दिवस आणि एक दिवस आराम. मोरीचं वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची परीक्षा मिळून चार-पाच दिवस. तोवर बाकी खोलीत लादी दोन दिवसांत होऊन जाईल, मोरी मागून. मग ग्राउट. पंधरा दिवस हातात असतील तर सुरू करा. दहा असतील तर प्लाय आवळून घ्या, त्यावर सतरंजी घाला, गणपती त्यावर बसवा आणि लादीला दिवाळीनंतर हात लावा. तेव्हा हवाही कोरडी असते, लाकूडही शांत झालेलं असतं.

ग्राउटनंतर एक दिवस कोणी चालायचं नाही. तीन दिवस गॅसचा सिलेंडर आणि ग्राइंडर गॅलरीत. गोदरेजचं कपाट आठवड्याने आत घ्या, आणि ते खोलीच्या मध्ये नको, कड्या ज्या भिंतीत शिरतात त्या भिंतीला लावून ठेवा. पायांखाली प्लायचे चौकोनी तुकडे द्या. कपाट ढकलत नेऊ नका, चौघांनी उचलून न्या. उरलेल्या दहा-बारा लाद्या विकायला किंवा शेजारी द्यायला काढू नका, पोटमाळ्यावर ठेवून द्या, आणि खोक्याचा शेड नंबर असलेला तुकडाही त्यांच्यासोबत.